ध्रुवगति, चयगति आणि गुणगति : श्रेढीव्यवहारांतील एका उदाहरणाची परीक्षा

पाटीगणिताच्या जुन्या पोथ्या चाळणाऱ्यास एक संवय सहज जडते. उदाहरण वाचावें, आपल्या शाळेंतील रीतीनें तें सोडवावें, आणि आलेलें उत्तर पोथींतील सूत्रावरून येणाऱ्या उत्तराशीं ताडून पाहावें. दोन्ही जुळलीं कीं पाठ शुद्ध. न जुळलीं कीं ग्रंथकाराची चूक किंवा लेखकाचा प्रमाद, असा निवाडा देऊन आपण पुढील पान उलटतों. प्रस्तुत लेखकानेंही गणितसारसंग्रहांतील दोन प्रवाशांच्या एका उदाहरणापुढें आपल्या टिपणवहींत ‘सूत्र सदोष’ असा शेरा पुष्कळ वर्षांपूर्वीं मारून ठेवला होता. तो शेरा चुकीचा होता. तो कां चुकीचा होता हें सांगणें हा या लेखाचा पहिला हेतु आहे.

दुसरा हेतु याच्या उलट बाजूचा आहे. समांतर श्रेढीनें चालणारा आणि गुणोत्तर श्रेढीनें चालणारा यांची शर्यत लावून त्या दोन श्रेढींची तुलना आपल्या पूर्वाचार्यांनीं करून ठेविली आहे, असें विधान व्याख्यानांतून केव्हां केव्हां कानीं पडतें. त्यास आधार म्हणून प्रवाशांचीं हींच उदाहरणें पुढें केलीं जातात. पहिल्या प्रसंगीं आपण ग्रंथास त्याच्या योग्यतेहून कमी देतों. दुसऱ्या प्रसंगीं त्यांत नाहीं तें त्याच्या पदरीं घालतों. दोन्ही दोषांचें मूळ एकच : ग्रंथ काय म्हणतो हें पाहण्यापूर्वीं आपणांस काय हवें आहे तें पाहणें.

(१) उदाहरण व सूत्र

महावीराचार्यांचा गणितसारसंग्रह राष्ट्रकूट नृपति अमोघवर्ष (इ. स. ८१४–८७८) याच्या काळचा, ग्रंथारंभीं त्या राजाची प्रशस्ति आहे. प्रो. रंगाचार्य यांनीं तो इंग्रजी भाषांतरासह १९१२ सालीं मद्रासेस प्रसिद्ध केला. त्यांतील मिश्रकव्यवहारांत प्रवाशांच्या भेटीचीं उदाहरणें येतात. पहिल्या प्रकारांत एक मनुष्य रोज सारखाच चालतो. त्याच्या गतीस ‘ध्रुवगति’ म्हटलें आहे. दुसरा पहिल्या दिवशीं थोडें चालतो आणि पुढें रोज ठराविक वाढ करीत जातो. दोघे एकाच ठिकाणाहून एकाच वेळीं निघाले तर त्यांची गांठ केव्हां पडेल, हा प्रश्न.

सूत्राचा आशय असा : ध्रुवगतींतून आदि वजा करावा, बाकीस चयाच्या अर्ध्यानें भागावें, आणि भागाकारांत एक मिळवावा, तो काळ. उदाहरणांत चयगतीच्या मनुष्याचा आदि ३ व चय ८ आहे. दुसऱ्याची ध्रुवगति २१. रीतीप्रमाणें २१ उणे ३ म्हणजे १८; त्यास ४ नीं भागिलें असतां साडेचार; त्यांत १ मिळवून साडेपांच. दोघांची गांठ साडेपांच दिवसांनीं पडते.

यापुढील प्रकारांत दोघेही श्रेढीनेंच चालतात. एकाचा आदि ५ व चय ८. दुसऱ्याचा आदि ४५, परंतु चय ऋण ८, म्हणजे तो रोज ८ नीं मंदावत जातो. येथें आदींच्या अंतराची दुप्पट ८०, चयांचें अंतर १६. भागाकार ५, त्यांत १ मिळवून ६ दिवस. ताळा पाहूं. पहिल्याचे सहा दिवस ५, १३, २१, २९, ३७, ४५, बेरीज १५०. दुसऱ्याचे ४५, ३७, २९, २१, १३, ५; बेरीज तीच १५०. एकाच्या अंकांची माळ उलटी केली म्हणजे दुसऱ्याची होते. उदाहरण रचणाराचें कौशल्य येथें दिसतें आणि उत्तराविषयीं शंकेस जागा राहत नाहीं.

(२) आक्षेप

शंका उत्पन्न होते ती पहिल्या उदाहरणांत. दिवसवारीनें मोजूं. चयगतीचा मनुष्य पांच दिवसांत ३, ११, १९, २७, ३५ असा एकूण ९५ चालला. ध्रुवगतीचा मनुष्य तितक्याच दिवसांत १०५ चालला. अंतर १० राहिलें. सहाव्या दिवशीं पहिल्याची गति ४३, दुसऱ्याची २१. म्हणजे दिवसभरांत २२ नें अंतर तुटतें. तेव्हां १० तुटण्यास १०/२२, म्हणजे ५/११ दिवस पुरे. गांठ ५ ५/११ दिवसांनीं पडली पाहिजे. साडेपांच दिवसांनीं नव्हे. फरक १/२२ दिवसाचा. पण गणितांत फरक तो फरकच. भेटीचें स्थान या हिशेबानें ११४ ६/११ वर येतें. सूत्राप्रमाणें तें ११५॥ वर येतें.

याच हिशेबावरून मीं तो शेरा मारला होता. त्यापुढें जाऊन पाठशुद्धि करण्याचा मोह कोणासही होईल. पण पोथींत साडेपांच हा अंक वर ५, त्याखालीं १, त्याखालीं २, असा मध्यें रेघ न ओढतां लिहितात. त्याच्या जागीं ५, ५, ११ हे अंक मूळचे होते व नकलकारानें ते बिघडविले, असें म्हणावयाचें तर एक अंक नव्हे, दोन अंक एकदम बदलले असें मानावें लागेल. शिवाय सूत्रच साडेपांच देतें. तेव्हां नुसता अंक दुरुस्त करून भागत नाहीं, सूत्रही दुरुस्त करावें लागतें. आणि तेंच सूत्र ज्याचें उत्तर पूर्ण दिवसांत येतें अशा प्रत्येक उदाहरणांत बरोबर ठरतें. म्हणून पाठभ्रंशाचा मार्ग येथें बंद आहे. राहिला प्रश्न ग्रंथकाराच्या चुकीचा.

(३) गच्छ अपूर्णांक असतां त्याचा अर्थ काय?

सूत्राची उपपत्ति सोपी आहे. श्रेढीचें सर्वधन म्हणजे मध्यधन गुणिलें गच्छ. ध्रुवगतीच्या मनुष्याचें सर्वधन म्हणजे ध्रुवगति गुणिलें तोच गच्छ. दोन्ही सर्वधनें समान व्हावयाचीं तर गच्छ दोन्हींकडे समान असल्यानें मध्यधन ध्रुवगतीबरोबर झालें पाहिजे. मध्यधन म्हणजे आदि अधिक एकोन गच्छानें गुणिलेलें चयाचें अर्ध. यावरून वरील सूत्र एका ओळींत निघतें. गच्छ दोन्ही बाजूंनीं जातो, म्हणूनच वर्गमूळ काढावें न लागतां नुसत्या भागाकारानें काम होतें.

परंतु ही उपपत्ति गच्छ पूर्णांक असो वा अपूर्णांक, सारखीच लागू केली आहे. साडेपांच पदांच्या श्रेढीचें सर्वधन याचा अर्थ काय, हा खरा प्रश्न. महावीराचार्यांस तो अपरिचित नव्हता. त्यांच्या ग्रंथांतील भिन्नांच्या प्रकरणांत ज्यांचा आदि, चय आणि गच्छ हे तिन्ही अपूर्णांक आहेत अशा श्रेढींचीं उदाहरणें स्पष्ट दिलेलीं आहेत. एका उदाहरणांत तर गच्छ पाऊणच आहे, म्हणजे एक पदही पुरें नाहीं. तेव्हां अपूर्ण गच्छ ही त्यांच्या हातून झालेली चूक नव्हे. ती त्यांनीं जाणून पत्करलेली परिभाषा होय.

या परिभाषेचा अर्थ श्रीधराचार्यांच्या पाटीगणितांत सांपडतो. (श्रीधराचार्य महावीराचार्यांच्या आधीचे कीं नंतरचे याविषयीं विद्वानांत मतभेद झालेला आहे, येथील विवेचनास त्याची गरज नाहीं.) हा ग्रंथ अपूर्ण मिळतो, डॉ. कृपाशंकर शुक्ल यांनीं तो १९५९ सालीं लखनौ येथें संपादून काढला. त्यांत श्रेढीचें क्षेत्र करून दाखविलें आहे. श्रेढी म्हणजे मातीच्या परळासारखी खालीं अरुंद व वर रुंद होत जाणारी आकृति. तिचा लंब म्हणजे गच्छ. तिचें क्षेत्रफळ म्हणजे सर्वधन. लंब एक असतां तळ आदींतून अर्धा चय वजा करून येतो, आणि मुख तळांत पुरा चय मिळवून येतें. पुढें चौदाव्या शतकांत नारायण पंडितांनीं गणितकौमुदींत (इ. स. १३५६) हाच विषय मांडला आहे.

आतां आपले उदाहरण या क्षेत्रांत घालून पाहूं. आदि ३, चय ८. म्हणून तळ ३ उणे ४, म्हणजे ऋण १. ऋण तळाचें क्षेत्र कसें असावें? श्रीधराचार्यांनीं हा प्रसंगही सोडलेला नाहीं. अशा क्षेत्राच्या दोन बाजू एकमेकींस छेदतात आणि क्षेत्राचे दोन त्रिकोण होतात. खालचा ऋण, वरचा धन. येथें छेद १/८ लंबावर होतो. खालील त्रिकोणाचें फळ १/१६ ऋण. पहिल्या दिवसाच्या वरील त्रिकोणाचें फळ ३ १/१६ धन. दोहोंचें अंतर बरोबर ३, म्हणजे आदि. दुसऱ्या एकक लंबाचें फळ ११, तिसऱ्याचें १९. क्षेत्र आणि श्रेढी तंतोतंत जुळतात.

म्हणजे या परिभाषेंत गति दर दिवशीं सूर्योदयास उडी मारून वाढत नाहीं; ती क्षणोक्षणीं सारखी वाढत जाते. प्रवासी आरंभीं किंचित मागें सरतो, दिवसाच्या अष्टमांशानें उलट फिरतो, आणि तेथून एकसारखा वेग वाढवीत जातो. ध्रुवगतीच्या मनुष्याचें क्षेत्र २१ रुंदीचा सरळ आयत. साडेपांच लंबावर दोन्ही क्षेत्रांचें फळ ११५॥ होतें. त्या लंबाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे २ ३/४ वर, परळाची रुंदी २१ असते. सूत्र सांगतें तें हेंच. या अर्थानें साडेपांच हें उत्तर निर्दोष आहे.

मागें सरणारा प्रवासी हास्यास्पद वाटेल. पण तो श्रीधराचार्यांस दिसला होता आणि त्यांनीं त्यास क्षेत्रांतून हांकलून दिलें नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. दिवसवारीचा हिशेब आणि क्षेत्राचा हिशेब हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. उदाहरणाची भाषा दिवसांची व रीति क्षेत्राची, इतकेंच येथें न्यून म्हणतां येईल. महावीराचार्यांनीं हें क्षेत्र मनांत धरून सूत्र रचलें असें सिद्ध करण्यास मजजवळ पुरावा नाहीं. त्यांच्या सूत्रास सुसंगत अर्थ आहे आणि तो त्याच परंपरेंत लिहून ठेविलेला आहे, एवढें मात्र सिद्ध आहे.

(४) बख्शाली येथील भूर्जपत्रें

हें सूत्र एकट्या महावीराचार्यांचेंही नव्हे. पेशावर जिल्ह्यांतील बख्शाली गांवाजवळ १८८१ सालीं जमिनींत सांपडलेली भूर्जपत्रांची पोथी संग्राहकांच्या परिचयाची आहे. तिचीं ७० पत्रें, कांहीं पुरीं व कांहीं तुकडे, १९०२ पासून ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहेत. होर्नले यांनीं तिचा प्रथम परिचय करून दिला, के यांनीं १९२७ पासून तिचा पाठ छापला, आणि हायाशी यांनीं १९९५ सालीं तिची नवी संशोधित आवृत्ति काढली. तींत गतिसाम्याचें सूत्र आहे : आदींच्या अंतराची दुप्पट चयांच्या अंतरानें भागून एक मिळवावा. उदाहरणांत एकाचा आदि २ व चय ३, दुसऱ्याचा आदि ३ व चय २. तीन दिवसांनीं दोघेही १५ चालतात. एकाचे २, ५, ८. दुसऱ्याचे ३, ५, ७. हें सूत्र आणि महावीराचार्यांच्या दुसऱ्या प्रकाराचें सूत्र एकच आहे.

पोथीच्या काळाविषयीं मोठा वाद आहे. २०१७ सालीं तीन पत्रांची किरणोत्सर्गी कार्बनानें परीक्षा झाली. एकाचा काळ इ. स. २२४–३८३, दुसऱ्याचा ६८०–७७९ आणि तिसऱ्याचा ८८५–९९३ असा निघाला. एकाच हस्तलिखिताचीं पानें पांच-सहा शतकांच्या अंतरानें कशीं लिहिलीं जावींत, असा आक्षेप हायाशी प्रभृति अभ्यासकांनीं त्याच वर्षीं घेतला. लेखन एका हाताचें व विषय सलग दिसतो, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा. संग्राहकांनीं यांतून घ्यावयाचा धडा उघड आहे. पत्राचें वय, अक्षराचें वय आणि सूत्राचें वय या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपल्या विषयापुरतें बोलावयाचें तर, पंजाबापलीकडील भूर्जपत्रांत आणि राष्ट्रकूटकालीन ग्रंथांत एकच सूत्र मिळतें, यावरून तें एका व्यक्तीचें स्खलन नसून सर्वमान्य रीति होती, हें निश्चित होतें.

(५) चिनी ग्रंथांतील घोडे व उंदीर

दिवसवारीचा हिशेब ज्यांनीं काटेकोर केला त्यांचें उदाहरण चीन देशांत आहे. ‘नवाध्यायी’ म्हणून ओळखला जाणारा चिनी गणितग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत संकलित झालेला असून ल्यू ह्वे यानें इ. स. २६३ त त्यावर भाष्य लिहिलें. त्याच्या सातव्या अध्यायांत दोन घोडे छांगआन येथून ३००० ली अंतरावरील छी प्रांतास निघतात. उत्तम घोडा पहिल्या दिवशीं १९३ ली चालतो व रोज १३ नें वाढतो. कनिष्ठ घोडा ९७ ली चालून रोज अर्ध्या लीनें घटतो. उत्तम घोडा मुक्कामास पोंचून परत फिरतो. वाटेंत दोघांची गांठ केव्हां पडेल? उत्तर १५ १३५/१९१ दिवस.

ताळा असा. गांठ पडेपर्यंत दोघांची मिळून चाल ६००० ली झाली पाहिजे. पंधरा दिवसांत उत्तम घोडा ४२६० व कनिष्ठ १४०२॥ चालतो. बेरीज ५६६२॥, उरले ३३७॥. सोळाव्या दिवशीं दोघांची चाल ३८८ व ८९॥, मिळून ४७७॥. उरलेल्यास यानें भागिलें असतां १३५/१९१ येतात. म्हणजे चिनी गणकानें दिवसाच्या आंत गति सारखी धरली आणि ती पहांटेस बदलते असें मानलें. महावीराचार्यांच्या उदाहरणास ही रीति लावली असती तर ५ ५/११ हेंच उत्तर येतें. ज्या हिशेबानें मी आपल्या ग्रंथकारास सदोष ठरविलें तो हिशेब चिनी गणकाचा आहे. आपल्या ग्रंथकारास तो बंधनकारक नाहीं.

त्याच अध्यायांत गुणोत्तर श्रेढीही येते. पांच छी जाडीच्या भिंतीस दोन बाजूंनीं दोन उंदीर पोखरतात. दोघेही पहिल्या दिवशीं एक छी पोखरतात. मोठा रोज दुप्पट करतो, लहान रोज निम्मे. उत्तर २ २/१७ दिवस. दुसऱ्या एका उदाहरणांत पाणगवताच्या दोन जाती वाढतात. एक पहिल्या दिवशीं ३ छी वाढून रोज निम्म्यानें मंदावते, दुसरी १ छी वाढून रोज दुप्पट होते. उंची समान होण्यास २ ६/१३ दिवस लागतात. येथें एक दुसरीचा पाठलाग करून तिला गांठते, म्हणून ही शर्यतच म्हटली पाहिजे. परंतु इथेंही गुणोत्तराची शर्यत गुणोत्तराशींच आहे. घोडे एका उदाहरणांत, उंदीर दुसऱ्या उदाहरणांत. दोहोंस एकत्र आणलें आहे तें ‘अधिक व न्यून’ या एका सोडविण्याच्या रीतीनें. घोडा आणि उंदीर एका वाटेनें धांवलेले नाहींत.

(६) भास्कराचार्यांचे दोन दाते

आतां आपल्याकडील गुणोत्तराकडे वळूं. लीलावतीच्या (इ. स. ११५०) श्रेढीव्यवहारांत दोन्ही श्रेढी शेजारींशेजारीं आहेत. शत्रूचे हत्ती हरण करण्यास निघालेला राजा पहिल्या दिवशीं २ योजनें चालतो आणि सात दिवसांत ८० योजनें गांठतो. त्याचा चय २२/७ निघतो. (हा अंक परिधि व व्यास यांच्या प्रमाणासारखा दिसतो म्हणून त्यांत गूढ शोधण्याचें कारण नाहीं; ६६ ला २१ नीं भागिलें इतकेंच.) एक दाता पहिल्या दिवशीं ४ द्रम्म देऊन रोज ५ वाढवितो व एका पक्षांत ५८५ द्रम्म देतो. दुसरा दाता पहिल्या दिवशीं २ कवड्या देऊन रोज दुप्पट करतो. महिन्याभरांत तो २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी व ६ कवड्या देतो.

या दोन दात्यांची शर्यत आपण लावूं शकतों. लीलावतीच्याच कोष्टकाप्रमाणें २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म. म्हणून एक द्रम्म म्हणजे १२८० कवड्या. पंधराव्या दिवसाअखेर द्रम्मदात्यानें ७,४८,८०० कवड्यांइतकें दिलें. कवडीदात्यानें फक्त ६५,५३४, म्हणजे ५१ द्रम्मांहून थोडें अधिक. एकोणिसाव्या दिवसाअखेर पहिल्याचे ११,९१,६८० आणि दुसऱ्याचे १०,४८,५७४. अजून द्रम्मदाता पुढें आहे. विसाव्या दिवसाअखेर पहिल्याचे १३,१८,४०० व दुसऱ्याचे २०,९७,१५०. पारडें फिरलें. तिसाव्या दिवशीं कवडीदाता द्रम्मदात्याच्या सातशें पटींहून पुढें गेलेला असतो. एकोणीस दिवस हरणारा विसाव्या दिवशीं जिंकतो आणि मग मागें वळून पाहत नाहीं; दोन्ही श्रेढींचा स्वभाव यांत पुरा दिसतो.

पण ही शर्यत आपण लावली, भास्कराचार्यांनीं नव्हे. त्यांच्या ग्रंथांत एकाचें गणित पक्षाचें व दुसऱ्याचें महिन्याचें आहे; एक द्रम्म देतो, दुसरा कवड्या. कोणी कोणास केव्हां गांठील हा प्रश्न तेथें नाहीं. आणि तो तेथें नसण्यास गणिताचें कारण आहे. गुणोत्तराच्या सर्वधनाची लीलावतींतील रीति अशी : गच्छ विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’ लिहावा, सम असेल तर निम्मा करून ‘वर्ग’ लिहावा, गच्छ संपेपर्यंत असें करून मग शेवटाकडून उलट गुणाकार व वर्ग करीत यावें. तिसासाठीं २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि १,०७,३७,४१,८२४ असे आठ टप्पे पडतात. त्यांतून एक वजा करून, एकोन गुणानें भागून, आदीनें गुणावयाचें. रीति अत्यंत सुटसुटीत आहे. परंतु साडेपांच गच्छास ती चालत नाहीं. साडेपांच विषम नाहीं व समही नाहीं. समांतर श्रेढीस परळाच्या क्षेत्रानें अपूर्ण गच्छाचा अर्थ मिळाला. या रीतींत गुणोत्तरास तसें क्षेत्र नाहीं. शिवाय दोन समांतर सर्वधनें समान केलीं असतां गच्छ दोन्हींकडून जातो व भागाकारानें उत्तर येतें. समांतर व गुणोत्तर समान केलीं असतां गच्छ एका बाजूस गुणकांत व दुसऱ्या बाजूस घातांत अडकतो. त्यास सूत्र नाहीं, दिवस मोजीत जाणें हाच उपाय.

वरील पाणगवताच्या उदाहरणानें ही अडचण स्पष्ट होते. गुणोत्तराचें सर्वधनसूत्र अपूर्ण गच्छासही लागू धरलें, तर दोन्ही उंची समान होण्यास दोहोंचा असा घात पाहिजे कीं जो ६ होईल. दोनदां दुप्पट केलें कीं ४, तीनदां केलें कीं ८. सहा मध्यें कोठें? तें स्थान सुमारें २.५८५ वर आहे. चिनी उत्तर २ ६/१३, म्हणजे सुमारें २.४६२. येथेंही दोन उत्तरें दोन प्रश्नांचीं आहेत, पण २.५८५ हा अंक काढण्यास लॉगरिथम लागतात.

(७) खरी शर्यत

आणि लॉगरिथम म्हणजेच ती शर्यत होय. स्कॉटलंडांतील जॉन नेपियर यानें १६१४ सालीं आपला शोध प्रसिद्ध केला तेव्हां त्यानें दोन बिंदूंची धांव कल्पिली. एक बिंदु अमर्याद रेषेवर सारख्या वेगानें धांवतो. समान काळांत त्याचें अंतर समांतर श्रेढीनें वाढतें. दुसरा मर्यादित रेषेवर धांवतो, आणि त्याचा वेग पुढें उरलेल्या अंतराच्या प्रमाणांत कमी होत जातो. समान काळांत त्याचें उरलेलें अंतर गुणोत्तर श्रेढीनें घटतें. निघतांना दोघांचा वेग सारखा. दुसऱ्याचें उरलेलें अंतर अमुक असतां पहिल्यानें जें अंतर कापलें असेल तें त्या संख्येचें लॉगरिथम. समांतर व गुणोत्तर श्रेढींची तुलना गतीच्या द्वारें येथें केली आहे. येथें त्या एकाच घड्याळावर मोजल्या आहेत. नेपियरनें जी गोष्ट साधली ती गुणोत्तर श्रेढीस अपूर्ण गच्छाचा अर्थ देण्याची होती.

श्रीधराचार्यांनीं समांतर श्रेढीस क्षेत्र देऊन तिचा गच्छ अखंड केला. नेपियरनें गुणोत्तर श्रेढीस धांवता बिंदु देऊन तेंच काम केलें. एकानें दुसऱ्याचें घेतलें असें मुळींच म्हणावयाचें नाहीं. दोन्ही कामें एका जातीचीं आहेत एवढें दाखवावयाचें आहे, आणि त्यामुळें प्रत्येकाचें मोल त्याचें त्यास देतां येतें.

(८) निष्कर्ष

या परीक्षेवरून तीन गोष्टी ठरतात. गणितसारसंग्रहांतील साडेपांच हें उत्तर अशुद्ध नाहीं. तें दिवसवारीचें नसून श्रेढीक्षेत्राचें आहे. गतिसाम्याचें सूत्र बख्शालीच्या पोथींतही असल्यानें तें परंपरागत आहे. आणि समांतर व गुणोत्तर यांची शर्यत येथें परीक्षिलेल्या एकाही भारतीय ग्रंथांत नाहीं. ती आहे असें सांगणारानें प्रथम पोथी, पत्र व ओळ दाखवावी.

तिसरी गोष्ट ऐकून कोणास उणेपणा वाटल्यास त्यानें पहिलीकडे पाहावें. नसलेल्या शर्यतीपेक्षां असलेला मागें सरणारा प्रवासी अधिक मोलाचा आहे. ऋण तळाच्या क्षेत्रापर्यंत विचार नेणारे गणक आपल्या परंपरेंत होते, ही साधार गोष्ट सोडून निराधार गोष्टीचा अभिमान धरण्यांत लाभ कोणता?

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. खानदेशांतील पाटण येथें भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिला. शके ११२८ चा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणला. कोंकणांत नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४६७ त लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही उपपत्तियुक्त टीका लिहिली. ती आनंदाश्रमानें १९३७ सालीं छापली. ज्या प्रांतांत हें अध्ययन इतकें रुजलें त्यांतील घराघरांत लीलावतीच्या व पाटीगणिताच्या नकला असणें साहजिक आहे. त्यांच्या समासांत शिकणाऱ्यांनीं केलेलीं उदाहरणें, उत्तरांचे अंक, खोडाखोड असते. सूची करतांना आपण ग्रंथाचें नांव, पत्रसंख्या व लेखनशक टिपतों आणि समास सोडून देतों. तसें न करतां श्रेढीव्यवहाराच्या पानांवरील समासांतले अंक जसेच्या तसे उतरून घ्यावेत. चुकीचे वाटले तरी सुधारूं नयेत. अपूर्ण गच्छाचें उदाहरण कोणी कोणत्या रीतीनें सोडविलें, दिवसवारीनें कीं क्षेत्रानें, हें कळण्याचें साधन तेंच आहे. माझ्या टिपणवहींतील ‘सूत्र सदोष’ हा शेरा मीं खोडला आहे. सुदैवानें तो पोथीवर लिहिलेला नव्हता.